जोनकडे ठेवलेलं प्रस्थान

नमस्कार मंडळी. तुम्हा सगळ्यांचे अनुभव मी कितीतरी दिवस गुपचूप वाचतेय, लिहितेय मात्र आज पहिल्यांदाच. शाळा सातवीपर्यंतची, पुढचं सगळं ऐकून-वाचून आलेलं, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आधीच सांगते — भूतबाधा, भानामती, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. लहानपणी गडहिंग्लजला आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. मी एकदा मागून जाऊन तिला चिमटा काढला, तर देवीनं मला जी शिवी हासडली ती आमच्या गल्लीतलीच होती. तेव्हापासून माझा विश्वास उडाला तो उडालाच. सणवार करते, कॅलेंडरात दिवस बघते, पण ते आपलं हाताला वळण म्हणून. एवढं लक्षात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आमचं घर लीड्सच्या उत्तरेच्या अंगाला. सेमी आहे — एका छपराखाली दोन घरं, मध्ये एकच भिंत. अलीकडे आम्ही, भिंतीपलीकडे उत्तरेला जोन. जोन विधवा, मीही विधवा, दोघींचं चहावर बरं जमतं. २००६ की ०७ असेल, नोव्हेंबर होता. घरात मी आणि माझा मुलगा शशी, दोघंच. शशीचा जन्म इथलाच. तिशी ओलांडलेली, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कॉम्प्युटरचं काम. लग्नाचा विषय काढला की याला हटकून गाडीचं टायर तपासायचं असतं.

तर शशीच्या ऑफिसात कॉलिन नावाचा त्याचा मित्र. त्यानं शशीला शिकारीचा नाद लावला. घरात बंदूक येणार म्हणून पोलीस येऊन लोखंडी कपाट बघून गेले. मला विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही ना? मी म्हटलं, माझे सासरे रानडुकरं मारायचे, मला सोलायला बसवायचे, मला कसली भीती? पोलिसानं चहा अर्धा ठेवला आणि उठला.

आतापर्यंत दोघं दिवसभर जाऊन यायचे. या वेळी मात्र मोठा बेत ठरला. स्कॉटलंडच्या अगदी वरच्या टोकाला एक मोठी इस्टेट आहे, डोंगरच डोंगर. तिथं हरणं फार झाली की थंडीत माद्या मारून कळप कमी करावा लागतो. इस्टेटवाल्यांनी या दोघांना रीतसर परवानगी दिली होती ती एका लांबच्या कोपऱ्यातली, जिथं गाडी जात नाही, घोडं जात नाही. पाठीवर सगळं घेऊन चालत जायचं, तंबूत राहायचं, मारलेलं हरण तिथंच सोलायचं आणि मांस पाठीवरून खाली आणायचं. पोचायचं धरून चार-पाच दिवसांचं काम.

त्याची तयारी महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर चालली होती. नकाशे पसरलेले. माझा बेसन मोजायचा काटा दोघांनी पळवला आणि प्रत्येक वस्तू त्यावर तोलायला लागले. मोजे तोल, चमचा तोल... कॉलिननं तर दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीनं कापली, वजन कमी व्हावं म्हणून. मी म्हटलं, अरे त्यापेक्षा स्वतःचं पोट कमी कर की. तो हसला. "आंटी, ते खाली येताना कमी झालेलं असेल," म्हणे.

खायला काय नेताय म्हणून बघितलं तर पाकिटं. गरम पाणी ओतलं की जेवण तयार. चव घेतली, भुसा! मग मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, तूप-गूळ घालून लाडू बांधले. कॉलिननं लाडू काट्यावर ठेवला आणि तोंड वाकडं केलं, फार जड. मग खाल्ला. मग गुपचूप पिशवीतून जादाची पँट काढून ठेवली आणि म्हणाला, आता बसतील.

हे सगळं छान चाललेलं. पण निघायचा दिवस आला बुधवार. आणि बुधवारी उत्तरेला निघत नाहीत. दिशाशूल म्हणतात त्याला. स्कॉटलंड लीड्सच्या नाकासमोर उत्तरेला! शशीला म्हटलं एक दिवस अलीकडे-पलीकडे कर, तर म्हणाला, "आई, इस्टेटला मी काय सांगू? आमचा कॅलेंडर नो म्हणते?" त्याचं मराठी हे असं, पण मुद्दा बरोबर होता.

अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. निघायच्या दिवशी दिशा बरी नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी जाणाऱ्याच्या अंगावरचं एखादं कापड, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू घालून गाठोडं बांधायचं आणि जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या चांगल्या दिवशीच निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना त्यानं ते उचलायचं आणि पुढं जायचं. जाणं रद्द झालंच तर त्यानं स्वतः जाऊन ते परत घरात आणायचं, तिथंच राहू द्यायचं नाही. सासूबाई सासऱ्यांच्या शिकारीच्या वेळी हेच करायच्या.

सोमवारी सकाळी शशीची लोकरीची टोपी घेतली, गाठोडं बांधलं आणि जोनकडे गेले. तिला कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, जोन, हा शशी आहे असं समज. बुधवारी पोरं निघाली की हे त्यांच्याबरोबर जायला हवं. जोननं दोन्ही हातांनी घेतलं. यॉर्कशरची बाई, तिनं जास्त विचारलं नाही. "बरं लव्ह, शेकोटीवरच्या कट्ट्यावर ठेवते, तिथं ऊब आहे त्याला," एवढंच म्हणाली.

आणि मंगळवारी संध्याकाळी शशी ऑफिसच्या जिन्यावर घसरला. घोटा टम्म सुजला. हाड मोडलं नव्हतं, पण डोंगर चढायची बातच नको. कॉलिन म्हणाला परवानगी वाया घालवण्यात अर्थ नाही, मी एकटा जाऊन येतो. शशीचा चेहरा एवढासा झाला. मी मात्र खरं सांगू? मनातून खूश होते. पोरगं घरी राहिलं.

बुधवारी सकाळी कॉलिन तंबू न्यायला आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा गाडी गेलेली. शशीचा घोटा बघता आता जोनकडे तो कसा जाणार, म्हणून दुपारी मीच गाठोडं आणायला गेले. जोन म्हणाली, "अगं, मी दिलं ना. गाडी बघून पळतच गेले. पोरांबरोबर जायला हवं म्हणाली होतीस तू." आणि कॉलिननं, ज्या माणसानं ब्रशची दांडी कापली त्यानं, काही न विचारता ते पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. आंटीनं दिलंय म्हणून.

मी जोनला काही बोलले नाही. तिची काय चूक? घरी येऊन शशीला सांगितलं तर तो हसला, म्हणाला निदान माझी टोपी तरी बघेल डोंगर.

गुरुवारी दुपारी शशी सोफ्यावर पाय वर करून टीव्ही बघत होता. मी आत लसूण सोलत होते. तो म्हणाला, आई, दार उघडं आहे का, वारा येतोय. दार बंद होतं. हीटिंग चालू होतं. मी शाल आणून दिली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. हात धरून बघितला तर बर्फ! नखं निळसर. मग पायाकडे लक्ष गेलं... घोट्याचं बँडेज ओलं होतं. ओलं म्हणजे पिळलं तर पाणी निघेल असं. मी सोडलं, पिळलं. तपकिरी पाणी निघालं, चहाच्या रंगाचं. त्याला कुजलेल्या गवताचा वास होता. आमच्या घरात तसं पाणी कुठलं?

दुसरा पाय बघितला. तोही तसाच, मोजा चिंब.

९९९ लावला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ताप मोजला आणि पुन्हा मोजला, मग एकमेकांकडे बघितलं. ताप नव्हताच, उलट अंग पार गार पडलेलं. हॉस्पिटलात गरम हवेचं पांघरूण घातलं, गरम सलाईन लावलं. रक्त तपासलं, डोकं तपासलं. सगळं ठीक. अंग मात्र तापेना.

एक तरुण डॉक्टर होता. शशीच्या पायांकडे तो बराच वेळ बघत बसला. पांढरे, सुरकुतलेले, जसे दिवसभर पाण्यात भिजल्यावर होतात. मला विचारलं, हा कुठं चालून आला? मी म्हटलं, सोफ्यावर होता, घोटा दुखतोय त्याचा. तो म्हणाला, असे पाय मी फक्त डोंगरातून आणलेल्या लोकांचे बघितलेत. माझ्या मनात गाठोड्याचा विचार तेव्हा आला. आला आणि मी तो झटकला. मग पुन्हा आला.

शुक्रवारी तर कहर झाला. शशी बेशुद्ध नव्हता हो! नर्सनं नाव विचारलं, सांगितलं. वार विचारला, सांगितला. आणि त्याच दमात मला मराठीत म्हणायचा, "आई, कॉलिन थांबत नाही. टू फास्ट चालतोय." मी म्हटलं, बाळा, तू हॉस्पिटलात आहेस. "हो, माहितेय," म्हणाला. चिडून. "पण तो मागे बघत नाही ना."

दोन्ही एकदम. इथंही आणि तिथंही. हे मला आजतागायत कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

मी वॉर्डातल्या फोनवरून कॉलिनला लावला, लागेना. त्या डोंगरात कुठला सिग्नल. शशीकडे इस्टेटचा नंबर होता. तिथं एका वयस्कर माणसानं उचलला, नाव डोनाल्ड. म्हणाला डोंगरावर दाट धुकं आहे, उद्या उघडेल, तुमचा माणूस अनुभवी आहे, काळजी करू नका. मी म्हटलं, त्याच्या पिशवीत वरच्या कप्प्यात एक कापडाचं गाठोडं आहे, तेवढं खाली आणायला हवं. लवकर.

 तो म्हणाला, "काय आहे त्यात? औषध आहे का?"

हो म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण तोंडातून खरंच निघून गेलं.

"माझा मुलगा आहे त्यात," मी म्हटलं.

 मग तो हळू आवाजात म्हणाला, "बरं. धुकं उठलं की मी स्वतः जातो."

का हसला नाही, वेडी म्हणून का ठेवला नाही फोन... माहीत नाही.

पण धुकं उठायला सकाळ होती. तोवर मी काय करणार होते? मी शशीच्या उशाशी बसले. पाय चोळते म्हटलं तर नर्स चोळू देईना, म्हणे कातडी जाईल. तूप लावू? नको. चहा पाजू? आत्ता नको. आईच्या हाताला काही कामच ठेवलं नव्हतं त्यांनी. मी नुसती बघत होते. माझं पोरगं पांघरुणाखाली चालत होतं. हो, चालत होतं. पांघरूण हलत नव्हतं, पण त्याचा श्वास चढणीला लागलेल्या माणसाचा होता.

अंधार पडायच्या जरा आधी तो एकदम म्हणाला, "आई, दिसत नाही. काही दिसत नाही. खाली काय आहे?"

माझा धीर सुटला. मी वाकले, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं, आणि लहानपणी रस्त्यावर धावायचा तेव्हा ओरडायचे ना, त्या आवाजात ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"बस तिथंच! एक पाऊल टाकायचं नाही. खाली बस!"

शशीनं श्वास सोडला. "बसलो," म्हणाला. आणि मग काहीच बोलला नाही. तसाच पडून राहिला, थंडगार, डोळे मिटून. मी त्याचा हात धरून बसले. देवाचं नाव घ्यावं तर तेही सुचेना.

शनिवारी दुपारकडे त्याचं अंग तापायला लागलं. आपोआप. डॉक्टर म्हणाले उपचार लागू पडले. लागू पडले असतील. मी घड्याळ बघितलं नव्हतं, त्यामुळे इकडची वेळ आणि तिकडची वेळ जुळली असं शपथेवर सांगणार नाही. डोनाल्डनं नंतर फोनवर सांगितलं ते एवढंच — सकाळी तो वर गेला, कॉलिन त्याला वाटेत भेटला, त्यानं गाठोडं मागून घेतलं आणि स्वतःच्या कोटाच्या आत, छातीशी धरून खाली आणलं. घरी शेगडीपुढच्या खुर्चीवर ठेवलं. "तुम्ही म्हणालात म्हणून," म्हणाला. वर काही नाही.

रविवारी कॉलिन लीड्सला आला. डोनाल्डकडून आणलेलं गाठोडं आधी आमच्या घरी नेलं, मी दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी टाकलं आणि आत घेतलं. मग दोघं हॉस्पिटलात गेलो. वाटेत गाडीत तो बोलत नव्हता. त्यानं एकही गोळी झाडली नव्हती. मला वाटलं शशीच्या काळजीनं गप्प आहे.

कार पार्कमध्ये गाडी बंद करून तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "आंटी, मला एक सांगायचंय. हसू नका."

पहिल्या दिवसापासून त्याला मागं पावलं ऐकू येत होती. तो थांबला की थांबायची. भीतीनं त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही, उलट पाय उचलले. शुक्रवारी धुक्यात रस्ता चुकला. होकायंत्र बघून भराभर उतरत होता. आणि अंधारून येताना मागून कुणीतरी ओरडलं.

मी विचारलं, शशीचा आवाज?

"नाही," तो म्हणाला. "तुमचा. शब्द कळले नाहीत, पण तुम्ही असं ओरडल्यावर माणूस बसतो. मी तिथंच खाली बसलो."

रात्रभर तो तिथंच तंबूचं कापड गुंडाळून बसला. सकाळी उजाडलं तेव्हा त्याच्या बुटांपुढं दोन हात जमीन होती. त्यापुढं कडा.

 आम्ही गाडीतून उतरलो आणि वॉर्डाकडे चालायला लागलो.

शशी बरा झाला. उजव्या पायाच्या दोन बोटांची जाणीव मात्र गेली ती गेलीच, अजून थंडीत लंगडतो. कागदोपत्री कारण सापडलं नाही. मी प्रस्थान ठेवलं म्हणून माझं पोर मरणाच्या दारात गेलं म्हणावं, तर त्या प्रस्थानामुळेच कॉलिन वाचला. आणि ते ठेवलंच नसतं तर? विचार केला की डोकं गरगरतं. मी परत कधी प्रस्थान ठेवलं नाही. ठेवू नका असंही कुणाला सांगत नाही. मला माहीतच नाही तर काय सांगू.

शशी घरी आल्यावर एका दुपारी कॉलिनची आई आली. वेकफिल्डहून बस बदलून, स्वतः केलेला केक घेऊन. आमची पहिलीच भेट. कॉलिननं तिला सगळं सांगितलं होतं, तिनं कितपत मानलं कोण जाणे. दारातच तिनं माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. म्हणाली, एकुलता एक आहे माझा, तुम्ही हाक मारलीत म्हणून आज आहे.

मी तिला आत घेतलं, चहा टाकला. ती परत परत थँक्यू म्हणत होती आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. कारण मी तिच्या मुलाला हाक मारलीच नव्हती हो. त्या वेळी कॉलिन माझ्या मनातसुद्धा नव्हता. मी माझ्या पोराला ओरडत होते, फक्त माझ्या. तिच्या पोराला ते कसं ऐकू गेलं, आणि माझ्याला पुरतं का नाही वाचवता आलं, हे मी तिला काय सांगणार होते?

मी तिला केकचा तुकडा कापून दिला. तिनं तो खाल्ला. मी नुसती बघत बसले.